मिठागरातलं शेवटचं पाणी लवकर का आटत नाही?

शिरोड्याची मिठागरं आपण सर्वांनी पाहिली आहेत. १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला, हेही गुरुजींनी सांगितलं आहे. मी आज लिहिणार आहे ते मात्र पाण्याबद्दल.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले २७ ग्रॅमच्या आसपास आपलं जेवणातलं मीठ. उन्हाने पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून पाणी आटत जाईल तसं ते जास्तच खारं होतं. दहा हंड्यांतले नऊ हंडे उडून गेले, की तेव्हा कुठे मिठाचे खडे धरू लागतात. पण पहिलं पाणी भराभर जातं आणि शेवटचा हंडा रडवतो. माझे आजोबा म्हणतात, "पाणी जड झालां, आता उठाचां नाय."

असं का होतं? पाण्याचे बारीक कण, म्हणजे रेणू, सारखे हवेत उडत असतात आणि हवेतलेही काही परत पाण्यात येत असतात. जाणारे जास्त असले तर पाणी आटतं. पाण्यात मीठ असलं की ते रेणूंना धरून ठेवतं, मग उडणारे कमी होतात. गोडं पाणी हवेतली आर्द्रता १०० टक्के होईपर्यंत आटत राहतं. आणखी मीठ विरघळणार नाही इतकं खारं पाणी मात्र ७५ टक्क्यांनाच थांबतं. हवा त्याहून दमट असली तर ते उलट हवेतलं पाणी ओढून घेतं! पावसाळ्यात आईच्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, ते यामुळेच.

मी दोन सारख्या ताटल्यांत एकेक पेला पाणी घेतलं. एकात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलं. दोन्ही ताटल्या अंगणात ठेवल्या. गोड्या पाण्याची ताटली आधी कोरडी झाली. खाऱ्या ताटलीत पाणी शिल्लक होतं, आणि रात्रभरात तर ते जराही कमी झालं नव्हतं. दुपारी बोट बुडवलं तर खारं पाणी जास्त गरम लागलं. वाफ कमी होते म्हणून थंडावाही कमी मिळतो. या उष्णतेने आटण्याला थोडी मदत होते, पण मिठाची अडवणूक त्याहून मोठी. तुम्हीही करून पाहा.

आमच्या घरी ही गोष्ट नुसती पुस्तकातली नाही. पाणी अगदी जड होतं ते मे महिन्यात, आणि त्याच वेळी आभाळ भरून येतं. एक चांगली सर पडली की धरलेलं मीठ पुन्हा विरघळतं. मग आजोबा कोणाशी बोलत नाहीत.

इस्रायल आणि जॉर्डन यांच्या मधला मृत समुद्र साध्या समुद्राच्या जवळजवळ दहापट खारा आहे. तिथलंही पाणी गोड्या तळ्यापेक्षा सावकाश आटतं. तरी त्याला मिळणाऱ्या जॉर्डन नदीचं पाणी माणसांनी वरच्या वर घेतल्यामुळे त्याची पातळी दरवर्षी सुमारे एक मीटर खाली जाते आहे.

मीठ काढून घेतल्यावर कप्प्यात थोडं कडू पाणी उरतं. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि ते मिठापेक्षाही पाण्याला घट्ट धरतात. आपल्या दमट हवेत ते पाणी कधीच पुरतं आटणार नाही. म्हणून त्याची वाट न बघता बांध फोडून ते सोडून देतात.

— इयत्ता ७ वी