पस्तीस दिवसांचा गव्हर्नर

महात्मा जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ १ जून १८७३ रोजी प्रसिद्ध झाला. निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना जोतीरावांनी तो अर्पण केला, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु हा ग्रंथ येण्याच्या अवघ्या पाच-सहा महिने आधी अमेरिकेतील लुईझियाना राज्याच्या गव्हर्नरपदाच्या खुर्चीवर एका गुलाम स्त्रीच्या पोटचा मुलगा बसला होता, हे मात्र आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याचे नाव पिंकनी बेंटन स्टुअर्ट पिंचबॅक. अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपालासारखे शोभेचे पद नव्हे. राज्याचा सारा कारभार त्याच्या हाती असतो. त्या पदावर बसलेला हा पहिला कृष्णवर्णीय. तो किती दिवस बसला? फक्त पस्तीस दिवस! या पस्तीस दिवसांत आपल्या चळवळीसाठी मोठा धडा आहे, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

पिंचबॅक यांचा जन्म १० मे १८३७ रोजी जॉर्जियात झाला. बाप गोरा मळेवाला आणि आई एलायझा ही त्याचीच पूर्वीची गुलाम. मूल आईच्या दर्जाचे मानावे असा तेथील गुलामीचा कायदा होता. आईची गुलामीतून सुटका आधीच झालेली असल्यामुळे मुलगा स्वतंत्र जन्मला. पण ते स्वातंत्र्य किती पोकळ होते, हे १८४८ साली बाप मेल्यावर कळले. बापाच्या नातलगांनी या मायलेकरांना वारसाहक्क तर नाकारलाच. पण आपल्याला पुन्हा गुलाम करून विकतील की काय, या भीतीने आईला मुले घेऊन सिनसिनाटीला पळावे लागले. बाराव्या वर्षी शाळा सुटली. कालव्यावरच्या बोटीत हरकाम्या पोऱ्या, पुढे मिसिसिपी नदीच्या आगबोटीवर वाढपी, अशी नोकरी करत हा मुलगा वाढला. जुगाऱ्यांच्या संगतीत पत्तेही शिकला. आम्ही त्याला संत ठरवायला निघालेलो नाही.

१८६१ साली गुलामीच्या प्रश्नावरून अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. पुढच्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स शहर उत्तरेच्या म्हणजे केंद्र सरकारच्या फौजेने घेतले. पिंचबॅक शत्रूची नाकेबंदी चुकवून तेथे पोहोचले आणि त्यांनी कृष्णवर्णीयांची पलटण उभारण्याच्या कामात स्वतःला झोकून दिले. 'लुईझियाना नेटिव्ह गार्ड्‌स'च्या दुसऱ्या रेजिमेंटमध्ये ते कॅप्टन झाले. काळ्या माणसाच्या खांद्यावर अधिकाऱ्याची पट्टी लागणे ही त्या काळी क्रांतीच होती. पण ही क्रांती गोऱ्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सलू लागली. नवे सेनापती बँक्स आले आणि काळ्या अधिकाऱ्यांना एकेक करून बाहेर काढण्याचे धोरण सुरू झाले. २७ मे १८६३ रोजी पोर्ट हडसनच्या तटावर याच नेटिव्ह गार्ड्‌सचे कॅप्टन आंद्रे कायू यांनी आपल्या जवानांपुढे राहून प्राण दिले, तरीही धोरण बदलले नाही! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पिंचबॅक यांनी राजीनामा फेकला. गरज असेल तेव्हा बंदूक हातात द्यायची आणि गरज सरली की हुद्दा काढून घ्यायचा, ही रीत आम्हाला अनोळखी नाही. इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज करीत फिरावे लागले होते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पिंचबॅक यांचा रंग इतका उजळ होता की परक्या गावात ते सहज गोरे म्हणून खपले असते. त्यांच्या सख्ख्या बहिणीने १८६३ साली पत्र लिहून त्यांना तसाच सल्ला दिला होता. गोरा म्हणून जग आणि पुढे जा! पिंचबॅक यांनी तो मानला नाही. आडनाव बदलून, जात चोरून, भाड्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लावणाऱ्या आमच्या बांधवांनी हा प्रसंग दोनदा वाचावा.

युद्ध संपले, गुलामी गेली. १८६७ साली केंद्राच्या कायद्याने दक्षिणेतील काळ्यांच्या हाती मत आले आणि चित्र पालटले. लुईझियानाची नवी घटना लिहिण्यासाठी भरलेल्या परिषदेत पिंचबॅक सभासद होते. वाहनांत आणि सार्वजनिक ठिकाणी सर्वांना समान प्रवेश देणारे कलम त्या घटनेत आले, त्यामागे ते होते. हे वर्ष १८६८. आपल्याकडे चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ उजाडावे लागले! त्याच साली ते राज्याच्या सिनेटवर गेले. १८७० साली त्यांनी वृत्तपत्र सुरू केले, कारण ज्याच्याकडे पत्र नाही त्या समाजाची बाजू कोणी मांडत नाही, हे त्यांना पक्के माहीत होते. राज्याचे उपगव्हर्नर ऑस्कर डन हेही कृष्णवर्णीय. नोव्हेंबर १८७१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ती जागा पिंचबॅक यांच्याकडे आली. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत घोळ झाला, गव्हर्नर वॉर्मथ यांच्यावर महाभियोग आला, आणि ९ डिसेंबर १८७२ रोजी पिंचबॅक गव्हर्नर झाले. १३ जानेवारी १८७३ रोजी त्यांनी नव्या गव्हर्नरकडे, केलॉग यांच्याकडे, सूत्रे सोपवली.

त्यानंतर काय झाले? विधिमंडळाने पिंचबॅक यांना अमेरिकेच्या सिनेटवर निवडून पाठवले. सिनेटने त्यांना तीन वर्षे दारात उभे केले आणि ८ मार्च १८७६ रोजी ३२ विरुद्ध २९ मतांनी प्रवेश नाकारला. ही झाली वरच्या मजल्यावरची गोष्ट. खाली गावांत याहून भयंकर चालले होते. १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या दिवशी, कोलफॅक्स गावात कचेरीचे रक्षण करणाऱ्या काळ्यांवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने हल्ला केला. साठाहून अधिक माणसे मारली गेली. अनेकांना शरण आल्यावर मारले. तिघे दोषी ठरले, तेही १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. खैरलांजीनंतर न्यायालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या समाजाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

१८७७ साली दिल्लीत नव्हे, वॉशिंग्टनमध्ये सौदा झाला! अध्यक्षपदाच्या मोबदल्यात दक्षिणेतल्या राज्यांचा पाठिंबा काढून घेण्यात आला, फौज बराकीत परतली आणि कालचे गुलामांचे मालक पुन्हा राज्यकर्ते झाले. त्या वेळी पिंचबॅक यांनी काय केले? त्यांनी नव्या गोऱ्या गव्हर्नरशी जुळवून घेतले आणि शिक्षण मंडळावर जागा मिळवली. १८७९ च्या घटना परिषदेत ते पुन्हा बसले आणि काळ्या विद्यार्थ्यांसाठी सदर्न युनिव्हर्सिटी मंजूर करून घेतली. ती आजही उभी आहे, हजारोंना शिकवते आहे. मात्र त्याच नव्या घटनेतून शाळांत भेदभाव नको सांगणारे १८६८ चे कलम गेले. विद्यापीठ मिळाले, समता गेली! याला शहाणपण म्हणायचे की शरणागती? आम्हाला वाटते, एकाकी पडलेल्या नेत्याने हाती लागेल ते वाचवले. पण तो एकाकी का पडला, हा खरा प्रश्न आहे.

पुढचे सारे याच वाटेने आले. १८९० साली लुईझियानात आगगाडीत काळ्या-गोऱ्यांसाठी वेगळे डबे करणारा कायदा झाला. त्याविरुद्ध लढणाऱ्या होमर प्लेसी यांचा खटला १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. १८९८ साली नवी घटना आली. मतदाराला लिहिता-वाचता यावे किंवा त्याच्याकडे मालमत्ता असावी अशी अट घातली. पण ज्याचा बाप किंवा आजा १ जानेवारी १८६७ पूर्वी मतदार होता, त्याला ती माफ! त्या तारखेपूर्वी काळा मतदार होता कोठे? १८९६ साली राज्यात १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, १९०० साली उरले ५,३२०. मताचा हक्क काढून घेतो असे एका शब्दानेही न म्हणता मत काढून घेतले गेले. मनूलाही हे कसब शिकण्यासारखे होते.

पिंचबॅक २१ डिसेंबर १९२१ रोजी वारले. म्हणजे बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा हा म्हातारा कॅप्टन त्याच देशात हयात होता. बाबासाहेबांनी हा इतिहास नीट वाचला होता. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात त्यांनी युद्धात लढलेल्या निग्रोंच्या वाट्याला पुढे काय आले, याकडे बोट दाखवले. स्वातंत्र्य येणार म्हणून हुरळून जाऊ नका, संरक्षणाची हमी आधी लिहून घ्या, हा त्यांचा आग्रह त्यातूनच समजतो. १९४६ साली निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याकडे पत्र लिहून मागवली, तीही याच काळजीपोटी.

पिंचबॅक यांच्यानंतर अमेरिकेत दुसरा कृष्णवर्णीय गव्हर्नर, व्हर्जिनियाचे डग्लस वाइल्डर, खुर्चीवर बसले ते जानेवारी १९९० मध्ये. मध्ये ११७ वर्षे गेली! खुर्ची मिळाली की समाज सुटला, असे मानणाऱ्यांनी हा आकडा घरात लिहून ठेवावा. आमचा एक माणूस मंत्री झाला, महामंडळावर गेला की आपण गुलाल उधळतो आणि घरी जाऊन झोपतो. पिंचबॅक यांची खुर्ची त्यांच्या कर्तबगारीवर नव्हे, तर लाखभर मतदारांच्या नोंदणीवर, घटनेतल्या कलमांवर आणि गावोगावी जागत्या संघटनेवर उभी होती. हे पाय एकेक करून कापले गेले, तेव्हा खुर्ची आपोआप कोसळली. तेव्हा खुर्चीकडे कमी पाहा, तिच्या पायांकडे जास्त पाहा. मतदारयादीत आपल्या वस्तीतली नावे आहेत का, ते या आठवड्यातच तपासा. आरक्षणाचे, अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम कोण, कधी, कोणत्या गोड शब्दांत बोथट करतो आहे, त्यावर नजर ठेवा. आम्हाला पस्तीस दिवसांचा गव्हर्नर नको आहे. आम्हाला शासनकर्ती जमात व्हायचे आहे. जय भीम!