'बीटा' प्रणाली का अडखळते?

मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावीही एखादा उत्साही तरुण मोबाईलच्या आगामी प्रणालीची 'बीटा', म्हणजे चाचणीची, आवृत्ती अधीरतेने घालून घेतो, आणि लवकरच बॅटरी झपाट्याने उतरू लागते, बँकेचे ॲप उघडेनासे होते. असे का व्हावे?

प्रणालीतील लक्षावधी आज्ञा परस्परांवर इतक्या विसंबून असतात, की एका ठिकाणची दुरुस्ती दूरच्या दुसऱ्या ठिकाणी नवा दोष उत्पन्न करू शकते. शिवाय बीटामध्ये दोषांचा माग लागावा म्हणून अंतर्गत हालचालींची नोंद अधिक तपशिलाने ठेवली जाते, आणि त्या दप्तराचा भार बॅटरीवर पडतो. ॲप मात्र जुन्या आवृत्तीच्या नियमांबरहुकूम लिहिलेले असते, म्हणून ते नव्या प्रणालीवर अडू शकते.

वेण्णा नदीवरील कण्हेरसारखे धरण जसे प्रथम टप्प्याटप्प्याने भरून गळती पारखावी लागते, तद्वत नवी प्रणाली आधी स्वेच्छेने पुढे आलेल्या मोजक्या परीक्षकांच्या हवाली केली जाते. कारण नाना फोन, नाना ॲप आणि नाना लिप्या यांचे सर्व संयोग प्रयोगशाळेत तपासणे अशक्यप्राय असते.

तरीही काही दोष निसटतातच. फेब्रुवारी 2018 मध्ये एका तेलुगू जोडाक्षराने आयफोनच्या अधिकृत 11.2.5 आवृत्तीतील ॲप बंद पडू लागली; तेव्हा परीक्षणाधीन 11.3 मध्ये मात्र तो दोष नव्हता, आणि सर्वांसाठी 11.2.6 ही दुरुस्ती तातडीने काढावी लागली.

तात्पर्य, 'अधिकृत' म्हणजे निर्दोष नव्हे. परंतु व्यवहाराच्या एकमेव फोनवर बीटा घालू नये, आणि घालायचीच असल्यास छायाचित्रे व दस्तऐवज यांची प्रत आधी अन्यत्र जपून ठेवावी.