‘डिजिटल अरेस्ट’ : हे माहीत हवेच

पोलीस, सीबीआय किंवा ईडीचे अधिकारी असल्याची बतावणी करून माणसाला व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास अडकवायचे आणि पैसे उकळायचे, असा हा फसवणुकीचा प्रकार.

• सुरुवात बहुधा अशी : ‘तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले.’ मग गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, शिक्क्यासकट बनावट वॉरंट. ‘घरच्यांना सांगू नका’ ही तंबी हमखास. सगळी मदार तिच्यावरच.

• भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नाही. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही.

• ‘पडताळणीसाठी’ कोणतीही तपास यंत्रणा खात्यात पैसे भरायला सांगत नाही.

• पैसे गेले? तत्काळ राष्ट्रीय हेल्पलाइन १९३० वर कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी गोठवता येऊ शकते.