बाग झाली, पण कोणासाठी?

मे महिन्यात नरखेड तालुक्यात ऊन असह्य होतं. अशा वेळी संत्र्याच्या बागेत शिरलं की जीव सुखावतो. झाड सावली देतं आणि पानांतून पाण्याची वाफ सोडून भोवतालची हवा थंड करतं. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्या घराला हाच गारवा सर्वांत जास्त हवा असतो.

हिरवाईचा उपयोग उन्हापुरता नाही. अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना वेदनाशामक औषधंही कमी लागली.

पण बाग झाली की आजूबाजूच्या जागेचा भावही चढतो. आपल्याकडे नव्या ले-आऊटच्या जाहिरातीत ‘समोर गार्डन’ हे शब्द ठळक छापतात, ते उगाच नाही. न्यूयॉर्कबाबत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की भाव चढत चाललेल्या वस्त्यांत बागांचा आरोग्याला लाभ झाला तो जास्त शिकलेल्या किंवा जास्त उत्पन्न असलेल्यांनाच. कारण समजणं कठीण नाही. भाडं वाढेल, घर सोडावं लागेल, ही धास्ती उरात असेल तर बागेतला फेरफटका काय कामाचा?

नरखेड आणि मोवाड इथे नगरपरिषदा आहेत. शहरी झाडांच्या रक्षणाचा १९७५ चा कायदा नगरपरिषदांनाही लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. २०१४ च्या कायद्याप्रमाणे हातगाडीवाल्याला वाटेल तेव्हा हटवता येत नाही. फेरीवाला समितीत त्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के असावे लागतात.

म्हणून बागेचं काम निघालं की चार गोष्टी विचारा. प्रवेश मोफत आहे का? मगरिबनंतर आया-बहिणींना बसता येईल असे दिवे आणि स्वच्छतागृह आहे का? गेटवरच्या चहावाल्याची जागा राहील का? आणि जुन्या मोहल्ल्याच्या गल्लीत झाडं कधी लागणार?

तोवर दारात एक कडुनिंब लावू या. पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी लागेल. वजूचं पाणी मुळाशी सोडलं तरी मोठा आधार होईल. झाड लावणं सदका आहे, आणि त्याच्या सावलीवर शेजाऱ्याचाही हक्क आहे.