पहिला फटका

दिवाळीत आमच्या गिरगावातल्या चाळीत दोन आवाज हमखास ऐकू येत. खाली अंगणात फटाक्यांचा आणि वर गॅलरीत कॅरमचा. फटाके चार दिवसांत थांबत. कॅरम तुळशीच्या लग्नापर्यंत चाले. त्या आवाजात माझा वाटा मोठा होता, आणि खोटे कशाला सांगू, तो नुसता आवाजापुरताच होता! ब्रेकचा फटका मी असा हाणी, की शेजारच्या बिऱ्हाडातले मूल दचकून उठावे. सोंगट्या बोर्डभर उधळत, पण पॉकेटात एकही जात नसे. गेलाच तर स्ट्रायकर जाई, आणि वर दंड!

१९८४ साली चाळीच्या गणेशोत्सवातल्या सामन्यांत मी कसाबसा अंतिम फेरीत पोहोचलो. शेवटचा बोर्ड, गुण बरोबरीत आणि ब्रेक माझा. सारा जीव बोटात आणून मी फटका मारला. स्ट्रायकर उसळला आणि सरळ कोपऱ्यातल्या पॉकेटात जाऊन बसला. प्रतिस्पर्ध्याने शांतपणे बोर्ड संपवला. घरी येऊन मी पावडरला, दमट हवेला, दिव्याच्या उजेडाला यथेच्छ शिव्या दिल्या. आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "त्यातल्या दोन तुझ्या बोटालाही दे की!"

वरच्या मजल्यावर नाना राहत. गिरणीत फिटर होते. सगळा प्रकार त्यांनी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "महिनाभर डाव खेळायचा नाही. रोज वीस ब्रेक मारायचे आणि प्रत्येक वेळी स्ट्रायकर कुठे थांबला ते वहीत लिहायचे."

नानांचा पहिला धडा सोंगट्या मांडण्याचा. मध्ये राणी, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. "यांच्यात केसाएवढी फट राहिली, तरी धक्का वाटेतच जिरतो. मग तू कितीही नेमका मार, रोज निराळेच फळ मिळणार." त्यांनी दोन्ही तळहातांनी सोंगट्या दाबून घट्ट बसवल्या. माझ्या अर्ध्या 'दुर्दैवा'चे कारण त्या फटींत होते!

दुसरा धडा रोखाचा. मांडणीत पांढऱ्यांच्या तीन भुजा दिसतात. मी त्यांतल्या दोन समोरच्या दोन पॉकेटांकडे वळवून दोन्हींची आशा धरी. नानांनी वहीत आकृती काढली. दोन भुजांमध्ये १२० अंशांचा कोन, पण मधोमधून पाहिले तर दोन पॉकेटांमध्ये ९० चाच. "दोन्ही एकदम मागू नकोस. एक भुजा एका पॉकेटावर रोख आणि त्या रांगेच्या जमेल तितक्या सरळ रेषेत मार."

तिसरा धडा जोराचा. स्ट्रायकर फार तर १५ ग्रॅमचा, सोंगटी साधारण ५ ग्रॅमची. एकटी सोंगटी त्याच्यापुढे सहज पळते, पण एकोणीस जणी चिकटून बसल्या की त्यांचे वजन स्ट्रायकरच्या सहापट होते. मग तोच मागे उसळतो, आणि कुठे जाईल याचा नेम नाही. "अंगात आहे त्याच्या पाऊणपट जोर लाव. तेवढाच तुला रोज सारखा लावता येईल."

बाकीच्या गोष्टी साध्या. खेळ सुरू झाल्यावर खुर्ची हलवता येत नाही, तेव्हा आधीच नीट बसायचे. तळव्याचा टेकू एकाच जागी. पावडर चिमूटभर. स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकवून ठेवायचा आणि शेवटची नजर त्याच्यावर नाही, ज्या सोंगटीला मारायचे तिच्यावर.

दहा दिवसांनी वही बोलू लागली. माझे चुकलेले ब्रेक बहुतेक डावीकडेच जात होते, कारण ऐन वेळी कोपर बाहेर पडे. तेवढे एक सुधारले. महिनाअखेर वीसपैकी अकरा वेळा सोंगटी जाऊ लागली. पुढे मी कुणी मोठा खेळाडू झालो नाही. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना कॅरमसाठी १९९६ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा पेढे मात्र मी वाटले!

गेल्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरून माझे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, पण सदऱ्याचे बटण लावता येईना. चहाचा कप हिने धरावा, तेव्हा मी प्यावे. उरलेले दिवस असेच जाणार, असे मनाने घेतले. डॉक्टरांनी बोटांचे व्यायाम सांगितले होते. ते करण्याचाही कंटाळा. एके दिवशी नातीने माळ्यावरून बोर्ड काढला आणि सोंगट्या घट्ट दाबून मांडल्या. हे मीच तिला शिकवले होते.

पहिला स्ट्रायकर निम्म्या वाटेवरच थांबला. दुसरा सोंगट्यांच्या बाजूने निघून गेला. मी हात मागे घेतला.

"आजोबा," ती म्हणाली, "ब्रेकला तीन संधी असतात. नियमच आहे."

मी तळवा टेकला. कोपर आत घेतले. तिसरा स्ट्रायकर हळूच गेला आणि कडेच्या एका काळ्या सोंगटीला जेमतेम शिवला. सोंगटी बोटभर हलली.

नियमाप्रमाणे तेवढा स्पर्शही पुरतो. नात वही घेऊन बसलीच होती. तिने लिहिले : ब्रेक पहिला, बरोबर. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अजून एकोणीस राहिले."