दहा वचने, भाष्याविना

मेलव्हिलची 'मोबी डिक' शिकवायला घेतली की पहिल्याच पानावर अडायला होते. निवेदक आपले नाव इश्माएल सांगतो आणि समोरची मुले ते नुसते नाव म्हणून वहीत उतरवून घेतात. अब्राहामाने दासी हागारसह रानात घालवून दिलेला तो मुलगा ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या नावातले पोरकेपण कसे कळावे? 'एकलव्य' म्हणताच आपल्याला अंगठा आठवतो, तसेच हे. मग माझा पाऊण तास जुन्या करारात जातो. मला ते सोपे आहे. अमेरिकेतल्या सरकारी शाळेत मात्र बायबल उघडताना शिक्षकाला हात पोळण्याची भीती असते.

या भीतीला इतिहास आहे. शाळेत बायबल कोणते वाचायचे, प्रॉटेस्टंटांचे की कॅथलिकांचे, या वादाने १८४४ साली फिलाडेल्फियात धुमसते वैर पेटले. चर्चेस जळाली, माणसे मेली. पुढे त्याच पेनसिल्व्हानिया राज्याने कायदा केला की, शाळा भरताना रोज बायबलमधली निदान दहा वचने वाचावीत, तीही भाष्याविना. नोव्हेंबर १९५६ मध्ये अॅबिंग्टनच्या शाळेतल्या एलरी शेम्प या सोळा वर्षांच्या मुलाने त्या वेळी कुराण उघडले आणि मनातल्या मनात वाचू लागला. रवानगी थेट मुख्याध्यापकांकडे! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १७ जून १९६३ रोजी ते सक्तीचे वाचन आठ विरुद्ध एक मताने घटनाबाह्य ठरले. गंमत अशी की, साहित्य आणि इतिहास म्हणून बायबलचा तटस्थ अभ्यास करायला हरकत नाही, असेही न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी त्याच निकालात लिहून ठेवले.

मला त्या कायद्यातला 'भाष्याविना' हा शब्द फार बोलका वाटतो. भांडण टाळण्यासाठी तो घातला असावा. पण साहित्याचा तास सुरू होतो तो भाष्यापासूनच. ईयोबाच्या ग्रंथात एक निरपराध माणूस देवालाच जाब विचारतो. देवाच्या उत्तराने त्याचे खरोखर समाधान झाले का, हे मुलांना विचारता आले तर तो अभ्यास. नुसते ऐकून मान लववायची असेल तर ती उपासना. तिला चर्च आहे, घर आहे.

जून २०२४ मध्ये ओक्लाहोमाच्या शिक्षणप्रमुखांनी पाचवी ते बारावी बायबल शिकवण्याचा आदेश काढला. कारण दिले ते इतिहास आणि संस्कृतीचे. पण प्रती मागवताना आधी घातलेली अट पाहा: भाषांतर किंग जेम्सचेच हवे आणि त्याच बांधणीत अमेरिकेची राज्यघटना व स्वातंत्र्याचा जाहीरनामाही हवा! साहित्याच्या पुस्तकाला असली पुरवणी कशाला लागते? ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या शिक्षणप्रमुखांनी तो आदेश मागे घेतला.

आपल्या घटनेच्या २८व्या कलमानेही पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षणाला मनाई केली आहे. तरीही ज्ञानेश्वर आणि तुकोबा मराठीच्या तासाला येतात, आणि ते यायलाच हवेत. मात्र ते कसे येतात, हे प्रश्नपत्रिकेत पाहावे. 'उपमा स्पष्ट करा' असते, 'संतांचा उपदेश सांगा' असते. तुकोबा तर विठोबाशी कडाकडा भांडलेले. त्या भांडणात बाजू कोणाची खरी, असा प्रश्न मी अजून एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही.