एंजिनाचे गोत्र

लग्न जुळवताना आपल्याकडे पूर्वी आधी गोत्र विचारीत आणि मग नाव. जुन्या मोटारीचा सुटा भाग शोधतानाही हाच क्रम पाळावा लागतो, हे शहाणपण मला गेल्या वर्षी चार आठवडे वणवण केल्यानंतर आले. ते वाचकांना घरबसल्या मिळावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच!

आमच्या दारात एक मॅटॅडोर उभी असते. कधी वऱ्हाडाबरोबर, कधी शाळेच्या सहलीला मॅटॅडोरमध्ये बसला नाही, असा चाळिशी ओलांडलेला माणूस महाराष्ट्रात विरळाच. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेंपोच्या कारखान्यात ती तयार होई. आता ती निघायची बंद होऊन दोन तपे उलटली. कंपनीचे नावही २००५ साली बदलून फोर्स मोटर्स झाले.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्त झाल्यावर ही गाडी जुनी विकत घेतली आणि मागची बाके काढून तिचे फिरते बिऱ्हाड केले. एक लांबरुंद पलंग, त्याच्या पोटात भांड्यांची पेटी, कोपऱ्यात स्टोव्ह आणि पाण्याचा पिंप, खिडक्यांना आईच्या जुन्या लुगड्यांचे पडदे. या गाडीत एंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा खाली नसतो आणि गाडीची जमीन चांगली ठेंगणी राहते. गुडघे धरलेल्या माणसालाही एका पायरीत आत शिरता येते.

हे सांगायचे कारण आमची आई. ती ब्याऐंशी वर्षांची. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला अर्ध्या तासावर बसवत नाही. पण पडून मात्र ती कितीही प्रवास करील. तिचा एकुलता एक भाऊ देवरुखला. तो तिच्याहून चार वर्षांनी मोठा आणि आता घराचा उंबरा न ओलांडणारा. दर भाऊबीजेला आई त्या पलंगावर पडून कुंभार्ली घाट उतरते आणि मामाला ओवाळून येते.

गेल्या वर्षी गाडी वर्षभर जागची हललीच नव्हती. म्हणून दिवाळीच्या महिनाभर आधी मी आणि चिरंजीव तिला खंबाटकी घाटापर्यंत फिरवायला घेऊन गेलो. घाटमाथ्यावर पोचलो. चिरंजिवांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तरी एंजिनाचा आवाज कमी होईना! उलट ते अधिकच किंचाळू लागले आणि मागे काळाकुट्ट धूर. पेट्रोलच्या एंजिनाची ठिणगी तोडली की ते थांबते. डिझेलला ठिणगीच नसते. त्याचे इंधन तरी तोडावे लागते, नाहीतर श्वास तरी. बंद करायच्या दांडीची तार गंजलेली, ती ओढताच तुटून हातात आली. शेवटी चिरंजिवांनी वरचा गिअर टाकून ब्रेक गच्च दाबला आणि क्लच सोडला. गाडीला एक हिसका बसला आणि सारे शांत झाले. माझे पाय पुढे कितीतरी वेळ लटपटत होते.

दोरीने ओढून आणलेली गाडी गॅरेजमध्ये पाहिली गेली आणि निकाल लागला : ‘‘डिझेलचा पंप गेला. नवा टाका.’’

मी नाना पेठ गाठली. मोटारींच्या सुट्या भागांसाठी पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जातात. एका दुकानात विचारले, ‘‘मॅटॅडोरचा पंप आहे का?’’ दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी टांग्याचा घोडा मागितला. ‘‘अहो, बंद झाली ती गाडी!’’ पुढच्या चार दुकानांतही तेच उत्तर. मग मुंबईला जाऊन कुर्ल्याचा भंगारबाजार पालथा घातला. तिथे मोडलेल्या मोटारींच्या ढिगातून एकाने तसाच दिसणारा पंप काढून दिला. किंमत अठरा हजार, हमी शून्य. मी खिशात हात घालणार, तोच शेजारचा एक म्हातारा कारागीर म्हणाला, ‘‘साहेब, तोंड सारखे असले म्हणून भाऊ होत नाहीत. तुमच्या पंपावरची पट्टी वाचून आणा आधी.’’

रिकाम्या हाताने परतलो. घरी सौ. म्हणाली, ‘‘अहो, यंदा मामांना फोनवरच ओवाळू द्या. चेहरा दिसतो की!’’ आई काही बोलली नाही. तिने चांदीचे निरांजन घासायला काढले होते, ते न घासताच परत कपाटात ठेवले.

त्या रात्री मी रॉकेलचा बोळा घेऊन पंपावरची पट्टी पुसली. तीस वर्षांच्या मळाखालून आकडे वर आले. एंजिनाचेही कूळ शोधले आणि मी थक्क झालो. जर्मनीत हँबर्गच्या विडाल कंपनीने १९४९ साली पहिली मॅटॅडोर काढली, तेव्हा तिच्या पोटात फोक्सवॅगनचे एंजिन होते. तीनच वर्षांत ते मिळेनासे झाले आणि कंपनीला दुसऱ्यांची दारे धुंडाळावी लागली. म्हणजे दुसऱ्याचे एंजिन शोधत हिंडणे हे या गाडीच्या कुंडलीतच होते! याच विडाल कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेंपो उभी राहिली. पुढे तिने मर्सिडीजच्या ‘ओ. एम. ६१६’ या २.४ लिटरच्या एंजिनाचा परवाना घेतला. जर्मनीत टॅक्सीवाल्यांच्या लाडक्या ‘२४० डी’ मोटारीत हेच एंजिन असे, आणि आपल्याकडे ट्रॅक्स गाड्यांतही तेच बसले. गाडी गेली होती. गोत्र नांदते होते.

आकडे घेऊन मी भोसरीच्या एका पंपमिस्त्रींकडे गेलो. ते गाडी पाहायला घरी आले. त्यांनी पंपाच्या पाठीमागची हवेची बारीक नळी सोडवली, एक दांडी बंदच्या बाजूला दाबून धरली, नळीच्या तोंडावर बोट ठेवले आणि दांडी सोडली. दांडी झटकन मागे आली. ‘‘पंप ठणठणीत आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पडदा फाटलाय.’’

तो प्रकार त्यांनी मला समजावून दिला. पंपाच्या पाठीशी एक डबी असते आणि तिच्यात चामड्याचा एक वाटोळा पडदा. एंजिन हवा ओढते, तेव्हा तिथली ओढ नळीवाटे त्या पडद्याला मागे खेचते आणि डिझेल कमी सोडायला लावते. उलट बाजूने एक स्प्रिंग ‘अजून सोड, अजून सोड’ म्हणून ढकलत असते. पडदा फाटला की ओढ निसटते, स्प्रिंगचे राज्य होते आणि एंजिन उधळते. ‘‘हा पडदा गाडीचा नव्हे, पंपाचा. त्या काळच्या कित्येक ट्रक-ट्रॅक्टरांच्या पंपांवर हीच तऱ्हा होती,’’ असे म्हणून त्यांनी एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. ‘‘नाना पेठेत मिळेल.’’

मी पुन्हा त्याच चष्मेवाल्या दुकानात गेलो आणि मुकाट्याने चिठ्ठी पुढे केली. नोकर शिडीवर चढला आणि पाच मिनिटांत धुळीने माखलेली पुडी खाली आली. किंमत दोन किलो चिवड्याएवढी! मी रागावून म्हणालो, ‘‘मग त्या दिवशी नाही का म्हणालात?’’

‘‘तुम्ही मॅटॅडोरचा पंप मागितलात,’’ तो शांतपणे उत्तरला. ‘‘आज पंपाचा पडदा मागताय.’’

पडदा बसवायला मिस्त्रींना तासभरही लागला नाही. बंद करायची तारही त्यांनी नवी घातली. जुना पडदा माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, ‘‘पापडासारखा वाळलाय. याला अधूनमधून तेल लागते. कोणी घालत नव्हते का?’’

आणि मला एकदम दादा आठवले. लांब चोचीची तेलाची बुधली घेऊन ते ठराविक शनिवारी एंजिनाचे झाकण उघडत आणि कुठेतरी चार थेंब सोडीत. आम्ही हसायचो, ‘‘दादांचा मारुती!’’ ते जाऊन सहा वर्षे झाली. गाडी आम्ही वारशाने घेतली, किल्ली घेतली, पलंग घेतला. त्या चार थेंबांची चौकशी मात्र कोणी केली नाही. बुधली अजून मागच्या पेटीत, स्टोव्हशेजारी होती.

भाऊबीजेच्या आदल्या पहाटे आम्ही निघालो. संध्याकाळी देवरुखला मामा ओटीवरच बसून होते. ओवाळून झाल्यावर त्यांनी थरथरत्या हाताने ताटात ओवाळणी टाकली आणि विचारले, ‘‘दादांची गाडी अजून चालते?’’

‘‘चालते,’’ आई म्हणाली. ‘‘तेल घालायचे राहिले होते, एवढेच.’’

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आईची आतून हाक येते, ‘‘मारुतीला तेल घातलेस का रे?’’ घरात कोणी हसत नाही. मी बुधली घेऊन खाली उतरतो.